फुटीची पाच

मुंढव्याच्या केशवनगरात सोजरबाई कुंभारांच्या दारात शेकडा एकशे पाचाचा होता. गिऱ्हाइकानं शंभर पणत्या मागितल्या की टोपलीत एकशे पाच मोजायच्या आणि नाव शंभराचंच घ्यायचं. वरची पाच फुटीची. माल टेम्पोत चढतो, खड्ड्यांतून हिंदकळतो, उतरवणारा आपल्या बापाचा नसल्यासारखा आपटतो. एवढं सगळं होऊनही गिऱ्हाइकाच्या घरात शंभर भरली पाहिजेत. सोजरबाईंचे सासरे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून बैलगाडीनं माल धाडायचे, तेव्हापासूनची ही रीत. पुढे कुंभार कसब्यातून उठून इकडे आले, बैलगाडीचा टेम्पो झाला, रस्त्यावर डांबर पडलं. खड्डे होते तेवढेच राहिले आणि सोजरबाईंची पाचही राहिली. आजूबाजूचे कुंभार त्यांना हसत, पण मंडईतला व्यापारी यायचा तो आधी त्यांच्याच दारात.

"ही पाच दान न्हाईत," नव्या सुनेला, मैनेला, त्या पहिल्याच दिवाळीत म्हणाल्या होत्या. "मडकं आपलं चांगलंच हाय. वाट खराब हाय, तिची ही पाच."

मैना तेव्हा अठरा वर्षांची होती. जेजुरीकडच्या एका गावातून आलेली, आठवीत शाळा सुटलेली. सुटायला काही मोठं कारण नव्हतं. हायस्कूल दुसऱ्या गावात आणि घरात धाकट्या भावंडांना बघायला कोणी नाही. तेवढ्या कारणावर त्या काळी पुष्कळ पोरींच्या शाळा सुटल्या आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गणित तिचं जे काही उरलं होतं, ते सोजरबाईंच्या अंगणात पक्कं झालं. संक्रांतीच्या सुगडांचा पाचाचा एक संच, वीस संचांचा शेकडा, वर एक संच फुटीचा. मोजताना तिचं तोंड चालायचं नाही, नुसते हात चालायचे. एकविसावा संच पडला की हात आपोआप थांबायचे.

असे ते हात एकोणीस वर्षं चालले. दोन हजार सहा साल उजाडेपर्यंत मैना सदतीस वर्षांची झाली, तिची मुलगी शर्मिला कम्प्युटर शिकायला कॉलेजात जाऊ लागली आणि केशवनगरच्या भोवतीचा ऊस जाऊन तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी मडकी भाजायचा आवा पेटला की धूर उसावरून जायचा, उसाची काही तक्रार नसायची. आता तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जायचा आणि तिथून एखादा पोरसवदा इंजिनिअर अत्यंत अदबीनं खाली येऊन विचारायचा, की हे आणखी किती वेळ चालेल. मैनेचा नवरा बजरंग त्याला पाणी द्यायचा, माठातलं. दोघांतिघांनी तर तक्रार राहिली बाजूला, माठच विकत नेले.

याच इमारतींतल्या मुलांसाठी जवळच एक इंग्रजी शाळा निघाली होती. तिथं वर्षातून एकदा मातीकामाचा दिवस असायचा आणि मैनेला बोलावणं यायचं. ती आपली थापी आणि गोटा घेऊन जायची. आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीनं ओलं मडकं थापटत कसं वाढवायचं, ते दाखवायची. मुलं तिला सोडायची नाहीत. तिसऱ्या वर्षी शाळेच्या मोठ्या बाई, जया मॅडम, तिला म्हणाल्या की मातीकामाचा तास आता रोजचाच करायचा आहे, तुम्ही कायमच्या या. फक्त संस्थेचा नियम आहे, दहावी पास पाहिजे. दोन हजार सातच्या जूनपर्यंत जागा राखून ठेवते.

मैना घरी आली आणि पीठ मळायला बसली. अर्धी परात मळून झाल्यावर तिनं सांगितलं. बजरंगला आधी हसूच आलं. माती शिकवायला दहावी कशाला, मातीची काय दहावी झालीय का, असं तो म्हणाला. सोजरबाईंनी एवढंच विचारलं की किती वर्षं लागतात. एकच, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग जा की. एका वर्सानं काय म्हातारी हुतीस का?"

खरं तर त्याच वर्षी घराचंही काम निघालं होतं. पत्र्याच्या दोन खोल्या पाडून त्या जागी स्लॅबच्या तीन खोल्या, एक मोरी, खाली फरशी, आणि आवा घरामागून हलवून पार कुंपणाच्या कडेला, म्हणजे धूर इमारतींकडे जायचा नाही. बजरंगनं शब्द दिला होता, मिस्त्री ठरला होता. एखाद्या शहाण्या घरात कोणीतरी म्हटलं असतं की दोन्ही एकदम कशाला. या घरात ते कुणाला सुचलं नाही, आणि हे त्या घरावर देवाचे उपकारच म्हणायचे. बजरंग एसटीनं जाऊन मैनेच्या गावच्या शाळेतून तिचा दाखला घेऊन आला. शर्मिलेनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. जूनमध्ये एकीकडे पत्रे उतरले आणि दुसरीकडे मैना पीएमटीत बसून पेठेतल्या मोठ्या बायकांच्या दुपारच्या शाळेत जाऊ लागली.

त्या शाळेत गणिताला शरच्चंद्र सर होते. मुलांच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि घरी करमत नाही म्हणून इथं फुकट शिकवणारे. सर्व बायकांना ते 'आपण' म्हणत, आणि ते 'आपण' चांगलंच झोंबे. मैना पहिल्या दिवशी बसमुळे दहा मिनिटं उशिरा पोचली, तर त्यांनी खडू खाली ठेवून विचारलं, "आपण उशिरा आलात, की आम्हीच लवकर सुरू केलं?" मैना त्या दिवसापासून एक बस आधीची पकडू लागली.

भाषा तिला जमली, इतिहास जमला, विज्ञान तर अर्धं हातात होतंच. गणितात मात्र एक विचित्र गोष्ट घडायची. बेरीज-वजाबाकीत ती वर्गात सगळ्यांच्या पुढे, आणि शेकडेवारी आली की दरवेळी चूक. तीही थोडीशीच. दिवाळीच्या सुमाराला सरांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं. एका बागेत दोनशे दहा झाडं, त्यांतली शेकडा वीस आंब्याची, तर आंब्याची झाडं किती. बायका वह्या उघडेपर्यंत मैनेनं बसल्या जागी सांगून टाकलं, "चाळीस."

सरांना राग आला असता, पण त्यांना कुतूहल वाटलं. उत्तर बेचाळीस. चुकणारी बाई भलतंच काहीतरी सांगते; इतक्या जवळचं आणि इतक्या झटकन कसं सांगते? त्यांनी तिला उभं करून रीत विचारली.

"सोपं हाय, सर," मैना म्हणाली. "दोनशे दहा म्हंजी दोन शेकडं. शेकड्याला वीस. दोन विसा चाळीस."

मग सरांनी खोदून खोदून विचारलं आणि सोजरबाईंचा शेकडा सगळ्या वर्गाला कळला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "मैनाबाई, आपल्या घरचा शेकडा एकशे पाचाचा असेल. बोर्ड गरीब आहे. त्याला शंभरातच भागवावं लागतं."

मैनेला ते कळलं; निदान डोक्याला कळलं. हातांना कळायला हवं होतं, आणि पुढे आली संक्रांत. घराचा स्लॅब टाकून महिना झाला होता, भिंतींना गिलावा चालू होता, सगळा संसार कुंपणाकडेच्या नव्या आव्याशेजारी ताडपत्रीखाली होता आणि मंडईची सुगडांची मागणी दाराशी उभी होती. सकाळी मैना सुगडं मोजायची, एकविसाव्या संचाला हात थांबायचा. दुपारी पूर्वपरीक्षेचा पेपर लिहायची. गणितात ती सपशेल नापास झाली. शेकडेवारीची पाच उदाहरणं होती, पाचही चुकली, आणि पाचही एकाच रीतीनं चुकली. पेपर हातात देताना सरांनी काही टोमणा मारला नाही, त्यामुळे तिला फारच वाईट वाटलं.

त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली की आपल्याला हे काही जमायचं नाही. मातीत हात घालणाऱ्यानं मातीत घालावेत. जूनची जागा गेली तर गेली. बजरंगनं चहा केला, फार वाईट केला, आणि तिच्यापुढे ठेवला. सोजरबाईंनी थापी उचलली. त्यांची मनगटं धरलेली होती, तीन वर्षांत त्यांनी थापीला हात लावला नव्हता. उन्हाळ्याच्या माठांचं थापटायचं काम मैनेचं होतं, ते त्यांनी त्या संध्याकाळपासून आपल्याकडे घेतलं. मैनेनं दोनदा थापी काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या की तुझी परीक्षा हाय, माझी न्हाई. मैना त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग वही उघडून बसली. आता सोडून देणं शक्यच नव्हतं.

फेब्रुवारीत फरशीचं काम आलं. सुखदेव मिस्त्री परळीकडचा, कमी बोलणारा, पण मापाला पक्का. पहिली खोली मोजून तो बजरंगला म्हणाला की शंभर फरश्या लागतील, एकशे पाच आणा. वाहतुकीत फुटतात, कापताना फुटतात. मैना शेजारी भाकऱ्या थापत होती. तिचा हात भाकरीवरच थांबला. बघा, म्हणजे जगात सगळीकडे शेकडा एकशे पाचाचाच आहे. फक्त बोर्डालाच ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली ती लढायच्या तयारीनंच, आणि तिनं सरांना मिस्त्रीचा दाखला दिला.

सरांनी विचारलं, "मिस्त्रीनं एकशे पाच मागवल्या. खोलीत बसल्या किती?"

"शंभर."

"आणताना एकशे पाच आणाव्यात, आपल्या सासूबाई शहाण्या आहेत. पण गणितात बसलेल्या मोजतात, आणलेल्या नव्हेत."

एवढं बोलून ते फळ्याकडे वळले. मैना खाली बसली. दोनशे दहा झाडं. आता ती झाडं वाटेनं कुठं निघालेली नव्हती. ती जमिनीत होती, एकही फुटायची नव्हती. बसलेली. तिनं वहीच्या कोपऱ्यात बेचाळीस लिहिलं आणि त्याकडे पाहून तिला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं.

त्यानंतर शेकडेवारी तिची कधी चुकली नाही. उदाहरण वाचलं की ती आधी मनात विचारायची, हे आणलेलं की बसलेलं.

पहिली खोली तयार झाली तेव्हा तिथं देव मांडायचे आणि सोजरबाईंचं अंथरूण टाकायचं, असं आधीपासून ठरलं होतं. सोजरबाईंनी नव्या फरशीवर एकदा पाय ठेवून बघितला, गार हाय म्हणाल्या, आणि मैनेची पुस्तकं आत नेऊन ठेवली. देवांना त्यांनी सांगितलं की मार्च संपेपर्यंत ताडपत्रीखाली राहा, देवांनी ऐकलं. शेजारच्या खोलीत सुखदेवचं फरशी कापायचं मशिन कान फाडायचं. तो रोज सकाळी तासभर ते बंद ठेवू लागला, आणि त्या वेळात मशिन नको असलेली कामं शोधून करायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शर्मिला कॉलेजातून आली की आईला भूमिती शिकवायला बसायची आणि पाचव्या मिनिटाला चिडायची. "आई, फोकस कर ना," म्हणायची, मग स्वतःच उठून दोघींसाठी लिंबू सरबत करून आणायची. मैनेनं पुढे कधीतरी सांगितलं, की आपल्या एकटीच्या अभ्यासाला इतके लोक बसले होते हे त्या दिवसांत तिला धडधडीत दिसत होतं.

मार्चात परीक्षा झाली. गणिताचा पेपर तिनं पुरा लिहिला. शेकडेवारी सगळी बरोबर आली हे तिला तिथंच कळलं. भूमितीतली दोन प्रमेयं मात्र अर्ध्यावर सुटली, आणि वर्तुळाला स्पर्शिका कुठून काढायची ते वर्तुळ समोर असून आठवेना. जन्मभर वर्तुळं करणाऱ्या घरातली बाई वर्तुळात अडकली, असं शर्मिला म्हणाली, आणि मग लगेच तिनं आईला मिठी मारली.

निकाल जूनमध्ये इंटरनेटवर लागला. शर्मिला कॅफेत जाऊन बसली. साइट तासभर उघडेना, उघडली तेव्हा 'उत्तीर्ण' एवढंच दिसलं आणि वीज गेली. त्या काळी वीज जायचीच. तिनं घरी फोन केला. बजरंग पेढे घेऊन आला. सुखदेव दुसऱ्या कामावर गेला होता, त्याच्यासाठी एक पुडी वेगळी बांधून ठेवली. सोजरबाईंनी नव्या खोलीत देवांपुढे दिवा लावला.

आठ दिवसांनी मैना गुणपत्रिका आणायला पेठेतल्या शाळेत गेली. गणिताच्या आकड्याला अधिकचं चिन्ह जोडून पुढे पाच लिहिले होते. हे काय, म्हणून तिनं कारकुनाला विचारलं. ग्रेस, तो म्हणाला. पाच कमी पडत होते, बोर्डानं वरून दिले. पुढचा नंबर.

मैना अंगणातल्या बाकावर जाऊन बसली. गुणपत्रिका तिनं चार घड्या करून मुठीत धरली. एवढे सगळे राबले आणि शेवटी आपण पास झालो ते कुणीतरी दया केली म्हणून. जया मॅडमसमोर हा कागद कुठल्या तोंडानं ठेवायचा? उद्या शाळेतल्या पोरांना कुठल्या तोंडानं सांगायचं, की आपलं मडकं आपण भाजावं? तिनं मनाशी ठरवलं, की ही गुणपत्रिका परत करायची आणि ऑक्टोबरला पुन्हा बसायचं. जागा जाईल. जाऊ दे.

शरच्चंद्र सर वर्गाकडे निघाले होते, ते तिला बघून थांबले. तिनं कागद उलगडून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, की हे पाच मला नकोत, सर, हे दानातले आहेत.

सरांनी चष्मा चढवून गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा गणिताच्या ओळीवर आले. "पाच," ते म्हणाले. "बरोबर पाच. मैनाबाई, बोर्डानंसुद्धा या खेपेला आपल्याच घरचा शेकडा धरलेला दिसतो."

मैनेला आधी ते कळलंच नाही. मग तिला ताडपत्री आठवली, सुगडं आठवली, पीएमटीच्या दांडीला लटकून पाठ केलेली सूत्रं आठवली, सिमेंटच्या पोत्यांवर ठेवून सोडवलेली उदाहरणं आठवली. सोजरबाईंची धरलेली मनगटं आठवली. ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही.

"मडकं चांगलंच हाय," ती म्हणाली. "वाट खराब हाय, तिची ही पाच. आत्याबाई म्हनत्यात."

सरांनी कागदाच्या घड्या हातानं नीट सपाट केल्या आणि तिला परत दिला. "मी पस्तीस वर्षं पेपर तपासले," ते म्हणाले. "हे वाक्य मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं." एवढं बोलून ते वर्गाकडे गेले, कारण घंटा झाली होती आणि उशीर त्यांना स्वतःचाही खपत नसे.

दुसऱ्या दिवशी मैनेनं ती गुणपत्रिका जया मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी 'उत्तीर्ण' वाचलं आणि हजेरीपट पुढे केला. पहिल्या वर्गात चाळीस नावं होती.

पहिल्या तासाच्या सकाळी तिनं अंगणात माती मळली आणि सारखे गोळे करून ओल्या फडक्यात गुंडाळले. बजरंगनं ते टोपलीत भरताना मोजले आणि म्हणाला, की पोरं चाळीस आहेत, गोळे बेचाळीस झाले. सोजरबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मैनेचे हात जिथं थांबायचे तिथंच थांबले होते, आणि या वेळी डोक्यालाही ते ठाऊक होतं: चाळिसांवर शेकडा पाच म्हणजे दोन.

वर्गात तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच मागच्या बाकावर खिडकीशी बसलेल्या एका मुलीच्या हातातून गोळा निसटला आणि खिडकीतून खाली अंगणातल्या धुळीत जाऊन पडला. ती रडायच्या बेतात उभी राहिली. मैना टोपलीतला एक गोळा घेऊन तिच्यापाशी गेली आणि तो तिच्या ओंजळीत ठेवला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "हा तुझाच आहे. येतानाच मोजून आणलाय."